नाखवा करामा आणि वाटेवरचा खलाशी

तर सुकाणू काढून नेलं, इथवर आपण काल आलो होतो, आणि मध्येच जेवणाची हाक आली. शिपायांनी ते सुकाणू खांद्यावर घेतलं आणि एडनमधल्या मअल्ल्याच्या किनाऱ्यावरून बंदरकचेरीकडे अशी काही मिरवणूक निघाली, की बघणाऱ्याला वाटावं कुणा बड्या माणसाची मयत चाललीय. मागून नाखवा करामा चालत होता. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाला की बाबांनो, उन्हात टाकू नका, सागाचं आहे, तडकेल. शिपायांनी ते कचेरीच्या अंगणात भर उन्हातच टाकलं, वर साखळी घातली आणि कुलूप लावलं. सुकाणू पळवणारा चोर एडनमध्ये अजून जन्माला यायचा होता, पण सरकारी कुलूप ते सरकारी कुलूप.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जायला हवं. नाहीतर म्हणतील, म्हातारा सुकाणू घेऊन बसला आणि गलबत कुठलं ते सांगेना.

गलबत अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या शिहर गावचं. नाव मबरूका. करामाच्या बापानं बांधून घेतलेलं, दोन डोलकाठ्यांचं, रुंद पाठीचं, एखाद्या बाळंतिणीसारखं सावकाश चालणारं. एडनवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, दुसरं महायुद्ध अजून व्हायचं होतं. करामा दर हिवाळ्यात खाली आफ्रिकेत लामूला जायचा, तिथून खाजणातल्या लाकडाचे वासे भरायचा, आणि वारा उलटला की वर एडनला येऊन मअल्ल्यात ते विकायचा. मग कौस, म्हणजे पावसाळा आणणारा नैऋत्येचा वारा, पाठीशी घेऊन घरी शिहरला. कौस एकदा चढला की समुद्र बंद. त्याच्या आत घरी पोचलं नाही तर पावसाळाभर जिथं असाल तिथं बसा.

करामा दिसायला काही राजबिंडा नव्हता. बुटका, मानेत आखूड, आणि अंगाला गलबताला फासायच्या मुशीच्या तेलाचा असा वास, की मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा हमखास मोकळी मिळायची. पण त्याच्या गलबतावर यायला माणसं धडपडत. कारण एकच. हा माणूस जेवणाच्या आधी पोरं मोजावीत तशी खलाशी मोजायचा. मध्ये भाताची मोठी परात, वर सुकी मासळी, भोवती सगळे बसलेले, आणि करामा एकेक नाव पुकारतोय. ज्यानं त्यानं ‘आहे’ म्हणायचं. शेवटचा ‘आहे’ आला की मगच बिस्मिल्ला.

ही सवय बापाची. बापाच्या वेळी एकदा गलबत लामूहून सुटलं आणि एक खलाशी किनाऱ्यावर माडाखाली झोपून राहिला. जाग आली तेव्हा शीड दिसतंय नखाएवढं. गडी तसाच लुंगी सोडून, पाण्यात उड्या मारत, हाका मारत सुटला. गलबत काही थांबलं नाही. पुढच्या वर्षी मंडळी परत गेली तर हा तिथंच, दारात दोन शेळ्या, घरात बायको, आणि म्हणतो, यंदाही मी झोपतोच, तुम्ही निघा. लोक हसले, पण करामाच्या बापानं वर्षभर त्या माणसाच्या म्हाताऱ्या वडिलांना तोंड दाखवलं नव्हतं. तेव्हापासून मोजणी.

त्याच शिहरच्या गलबतांवर आणखी एक रीत होती, आणि आपल्या गोष्टीचा सगळा घोळ त्या रीतीतच आहे. समुद्रात माणूस गेला, तर तो गेला असं कुणी बोलायचं नाही. ना गलबतावर, ना वाटेतल्या बंदरावर. ती बातमी नाखव्यानं स्वतः न्यायची. घरच्या किनाऱ्याला लागल्यावर पाण्यातून उतरायचं, पाय पुसायचे नाहीत, वाटेत कुणाच्या सलामाला उत्तर द्यायचं नाही, थेट त्या घराच्या दारात उभं राहून आईला सांगायचं. आई नसेल तर बायकोला. तोवर तो माणूस जिवंत. परातीत त्याची बाजू मोकळी, नफ्यात त्याचा वाटा कायम, त्याचं गाठोडं बांधलेलं तसंच. आणि मोजणीत त्याचं नाव आलं की बाकी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘वाटेवर आहे.’

का, तर बातमीचे पाय शिडापेक्षा जलद. एका बंदरात कॉफीच्या दुकानात एकाच्या कानात सांगा, ती तुमच्या आधी दुसऱ्याच गलबतात बसून गावी जाते. मग आईला आपलं पोर बुडाल्याचं विहिरीवर, घागर अर्धी भरलेली असताना, भलत्याच बाईच्या तोंडून कळतं. शिहरमध्ये तसं कधीकाळी झालं होतं. ती बाई घागरीसकट विहिरीत उतरली ती वर आलीच नाही. तेव्हा गावानं ठरवून टाकलं.

त्या वर्षी सोमाली किनाऱ्यावरच्या हाफूनच्या टोकाजवळ वावटळ आली आणि फरज गेला. शिडाचा दोर अडकला होता, तो सोडवायला वर चढला, आडवं लाकूड फिरलं, आणि लोकांनी वर पाहिलं तर तिथं आकाश. मबरूकानं सूर्य बुडेपर्यंत तिथंच घिरट्या घातल्या. फरज हा गलबतावरचा गाणारा. दोर ओढताना पहिली ओळ त्याची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्यानंतर दोर ओढले गेले ते मुक्यानं. पहिली ओळ फरजची होती आणि फरज वाटेवर होता, मग ती घेणार कोण?

सुकाणूवर बसायचा तो म्हातारा सुबैत, फरजचा सख्खा मामा. त्यानं भाच्याचं गाठोडं आपल्या बसायच्या फळीखाली सरकवलं आणि एडनपर्यंत त्यावरची नजर काढली नाही. संध्याकाळी परातीभोवती नाव पुकारलं जायचं, ‘फरज,’ आणि सगळे म्हणायचे, ‘वाटेवर आहे.’ पहिल्या दिवशी हा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला. मग हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. जिभेला तर फार लवकर होते.

आता सरकारचा कायदा. तो करणाऱ्यानं काही वाईट मनानं केला नव्हता. पूर्वी काय व्हायचं, मोठमोठ्या जहाजांचे कप्तान आजारी खलाशी एडनच्या धक्क्यावर उतरवून गुपचूप पसार व्हायचे. मग ती माणसं मशिदीच्या पायऱ्यांवर कण्हत पडायची आणि तिथंच मरायची. म्हणून सरकारनं नियम केला. बंदरात शिरताना नाखव्यानं आपल्या माणसांची नावं द्यायची, आणि निघताना तितकी माणसं उभी करून दाखवायची. कमी भरलं तर त्या माणसाचं खाणंपिणं, औषध, मेला तर कफन, जगला तर घरापर्यंतचं भाडं, वर दंड, सगळं नाखव्याच्या डोक्यावर. ते भरेपर्यंत गलबत सरकारजमा. ज्यानं माणसं आणली त्यानं ती सांभाळावीत. यात करामाला न पटण्यासारखं काय होतं? तो तर रोज मोजून जेवायला घालत होता.

मबरूका मअल्ल्यात आलं तेव्हा नावं लिहून घ्यायला मेनेझिस कारकून होडीतून आला. हा गोव्याचा, भला माणूस, पण पाण्याला भ्यायचा. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हातात कागद आणि लेखणी, आणि होडी हलली की तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकायच्या. त्यानं मान खाली घालूनच विचारलं, नावं सांग. डावी-उजवीकडे शिहरचीच गलबतं खेटून उभी, कठड्यावर माणसं टेकलेली, सगळ्यांचे कान इकडे. करामानं एकेक नाव घेतलं आणि फरजचं नाव आलं तसं तेही घेतलं. गाळलं असतं तर अंधार पडायच्या आत मअल्ल्यात गवगवा आणि कौस लागला की शिहरच्या विहिरीवर. मेनेझिसनं लिहिलं आणि गेला. येताना माथी मोजायची पद्धत नव्हती. येताना कुणी कमी नसतो, अशी कचेरीची समजूत होती.

वासे विकले गेले, बरे विकले गेले. निघायची वेळ आली तेव्हा करामाचा दलाल, अली मक्तारी, त्याच्याजवळ येऊन बसला. दलाल म्हणजे काय, बोलताना डोळे तुमच्या खिशाकडे, पण करामावर त्याचा जीव होता. त्याला एका बाजूला घेऊन करामानं विचारलं की निघताना माथी मोजतात, खरं का? मक्तारीनं दहा चेहरे बघितले, अकरावा शोधला, आणि काही न विचारता सगळं समजला. एडनमध्ये राहून शिहरच्या रीती त्याला पाठ होत्या.

“अवदचे बाबा,” तो करामाला पोराच्या नावानं हाक मारून म्हणाला, “वर्समे नावाचा एक सोमाली आहे. वासे उतरवायला तुमच्याकडेच होता. तो उभा राहील. उंची फरजएवढीच.”

“उंचीनं काय होतंय?”

“बंदराचा इंग्रज साहेब उंचीच बघतो. चेहरे त्याला सगळ्यांचे एकसारखे. दोन गलबतं सोडून ते मोठं आहे ना, त्याच्यावर अर्धी माणसं दर वर्षी हीच भाड्याची असतात, नावं मात्र नवी.”

करामा दोन दिवस टाळत राहिला. रोज संध्याकाळी बाहेरच्या टोकावर लाट जरा उंच दिसायची. बाकीची गलबतं एकेक करून शीड चढवायला लागली. शेवटी तो सुबैतजवळ गेला, कारण नाव भाच्याचं होतं, आणि म्हणाला, “मामा, फक्त ‘आहे’ म्हणायचंय त्याला. परातीला बसवणार नाही, गाठोड्याला हात लावू देणार नाही. टोकापलीकडे गेलो की होडीतून परत धाडू.”

सुबैत दोराला गाठ मारत होता. ती मारून झाली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाला, “त्याला सांग, पटकन म्हण. मला ऐकू यायच्या आत.”

मोजणीच्या सकाळी साहेब स्वतः आला. तो उंच, भाजलेल्या नाकाचा, कमी बोलणारा. मागं मेनेझिस, छत्रीसकट. खलाशी ओळीनं उभे. वर्समेला फरजची जुनी लुंगी नेसवायची सूचना मक्तारीनं केली होती, ती करामानं धुडकावली होती, म्हणून तो आपल्याच कपड्यात, शेवटून दुसरा, ‘आहे, आहे’ असं ओठांतल्या ओठांत घोकत उभा. मेनेझिस नावं वाचायला लागला. एक, आहे. दुसरा, आहे. अगदी परातीभोवती व्हायचं तसंच. तोच क्रम, तीच जागा, तोच सूर.

“फरज,” मेनेझिस म्हणाला.

आणि सगळं गलबत एका तोंडानं म्हणालं, “वाटेवर आहे.”

हे कुणी ठरवून केलं नाही हो. हाफूनपासून रोज म्हणत आले होते, जिभेनं आपलं काम केलं. करामाच्या स्वतःच्या तोंडूनसुद्धा तेच निघालं. आणि त्याच क्षणी, सगळ्यांच्या आवाजावर, बिचाऱ्या वर्समेनं ठरल्याप्रमाणे खणखणीत आवाजात सांगितलं, “आहे.”

मक्तारी धक्क्यावर उभा होता. त्यानं तिथल्या तिथं खाली बसून डोक्यावर फडकं ओढून घेतलं. नंतर कितीतरी वर्षं तो हा प्रसंग सांगताना हसून हसून लोळायचा आणि शेवटी डोळे पुसायचा. ते पुसणं हसण्याचं की कशाचं, ते कुणी विचारलं नाही.

साहेब काय समजायचं ते समजला. त्या काळी लाल समुद्रात माणसं विकली जात होती. नाव एकाचं, उभा दुसराच, म्हणजे पहिल्याला कुठंतरी विकलं आणि त्याच्या जागी हा भरला. त्यानं विचारलं, फरज कुठाय? करामा मेनेझिसजवळ सरकला आणि हळूच म्हणाला की माणसं बाजूला करा, एकट्याला सांगतो. मेनेझिसनं त्याला सांगितलं, आणि खरंच भल्यासाठी सांगितलं, की एकट्याला सांगून भागत नाही. लेखी द्यावं लागेल. आणि माणूस मेल्याचं लेखी दिलं की तो कागद महिनाभर कचेरीच्या दारावरच्या फळ्यावर लागतो, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. त्या फळ्यासमोर शिहरची माणसं रोज उभी असत. ज्याला वाचता येई तो बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. तीच त्यांची करमणूक.

“मग लिहू नका,” करामा म्हणाला.

साहेबानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, वाटेवर आहे. मेनेझिसनं लिहिलं: फरज, बंदरात उतरला, बेपत्ता. आणि दुपारी शिपाई सुकाणू न्यायला आले.

त्यावेळी करामाला अजून वाटत होतं की चार दिवसांचा प्रश्न आहे. मक्तारी कचेरीत खेटे घालत होता, ओळखी काढत होता. पण कायदा कसा आहे पाहा. बेपत्ता माणसाची जबाबदारी आली, ती आली. शिवाय गलबत अडकलं म्हणजे उरलेल्या खलाशांचा रोजचा खर्च, तोही नाखव्याचाच. ते घरी जायचे तर त्यांचं भाडंही त्याचंच. वासे विकून आलेलं सगळं परातीत गेलं. आणि एक दिवस सकाळी उठून पाहतात तर टोकाबाहेर पांढरा फेस. समुद्र बंद झाला होता.

पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढतात, खालून खरवडतात, चुना आणि चरबी फासतात. नाहीतर पाण्यातली कीड लाकूड पोखरते. मबरूका सरकारजमा होतं, त्याला हलवायची परवानगी नव्हती. करामानं ती तीनदा मागितली. तिन्ही वेळा उत्तर आलं की अर्ज पुढं गेलाय. कीड मात्र अर्जासाठी थांबत नव्हती. ओहोटीला करामा छातीभर पाण्यात उभा राहून बुडाच्या फळ्यांना कान लावायचा. म्हणायचा, ऐकू येतं, कुरतडताना ऐकू येतं. सुबैत म्हणायचा, तुझे दात वाजतायत, बाहेर ये.

पावसाळ्यानंतर लिलाव झाला. घेणारा एक भट्टीवाला, पावाच्या भट्टीला लाकूड हवं होतं त्याला. त्या पैशातून दंड वळता झाला, खलाशांना घरचं भाडं मिळालं. कायद्यानं आपलं काम चोख केलं. एकूण एक माणूस आपापल्या घरी पोचला. फरजच्या वाट्याचे पैसे सुबैतनं कमरेला बांधून ठेवले होते. ते करामानं मागितले नाहीत, कचेरीनं मात्र मागून घेतले. करामाला एडन सोडायची बंदी, फरजचा छडा लागेपर्यंत.

निघताना सुबैतनं विचारलं, “मी सांगू तिला? माझी बहीण आहे.”

“तू नाखवा नाहीस, मामा.”

“नाही.”

“मग मी येईपर्यंत काय म्हणशील?”

सुबैत म्हणाला, “जे म्हणतो तेच.” गाठोडं त्यानं करामाच्या मांडीवर ठेवलं, कारण गाठोडंही नाखव्यानंच न्यायचं असतं.

करामानं बापाचं गलबत भट्टीत जाताना पाहिलं. फळी फळी करून नेलं. तिथं पाव चांगले व्हायचे, मुशीचा वास यायचा म्हणून लोक कुरकुरायचे तेवढंच.

इकडं शिहरमध्ये काय झालं ते नंतर कळलं. सुबैत उतरला, बहीण दारात उभी. तिनं विचारलं, फरज? तो म्हणाला, वाटेवर आहे. तिला रीत माहीत नव्हती असं कसं म्हणावं? शिहरची बाई ती. पण रीतीत नाखवा मागोमाग येतो, त्याच दिवशी, ओल्या पायांनी. नाखवा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानं नाही. उलट एडनहून आलेली माणसं सांगू लागली की करामाला सरकारनं धरलाय. कुणी म्हणालं पोराला विकलं, कुणी म्हणालं पोर पळून गेलं, आणि कचेरीच्या फळ्यावर बेपत्तांची यादी वाचून आलेला एक जण म्हणाला की कागदावर लिहिलंय, बंदरात उतरला. सुबैत तोवर तापानं गेला. मग त्या बाईनं आपली चांदीची काकणं मोडली, सुक्या मुशीचे तुकडे फडक्यात बांधले, कारण फरजला ते आवडायचे, आणि पहिल्या अझ्यबबरोबर, हिवाळ्याच्या उलट्या वाऱ्याबरोबर, एडनच्या गलबतात बसली.

करामा तेव्हा दुसऱ्यांच्या गलबतांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचं काम करत होता. कुणीतरी येऊन सांगितलं की शिहरच्या गलबतात फरजची आई आहे. त्यानं हातोडी ठेवली. गाठोडं घेतलं. गलबताची होडी किनाऱ्याला लागली, बाई उतरली, आणि करामा तिच्या समोरून निघून सरळ समुद्रात गेला, कमरेइतक्या पाण्यात. बघणाऱ्यांना वाटलं, लाजेनं जीव देतोय. तो तिथून वळला, ओल्या पायांनी परत आला, वाटेत कुणी सलाम केला त्याला उत्तर दिलं नाही. दार नव्हतं. ती उपड्या होडीच्या कडेला टेकली होती. तिच्यासमोर उभा राहून त्यानं जे सांगायचं ते सांगितलं, हाफूनचं, दोराचं, सूर्य बुडेपर्यंतच्या घिरट्यांचं. आणि गाठोडं पुढं केलं.

तिनं गाठोडं घेतलं. गाठीला हात लावला नाही. म्हणाली, त्याचं आहे, तो सोडेल.

मग तिनं त्याला शांतपणे समजावलं, मोठी बाई लहान मुलाला समजावते तसं. माझा भाऊ मरताना म्हणाला वाटेवर आहे. सरकारच्या कागदात लिहिलंय उतरला. तू एकटाच म्हणतोस मेला. तुझं गलबत गेलंय, करामा, तुझं डोकं ठिकाणावर नाही.

ती शिहरला परत गेली नाही. करामानं आपल्या झोपडीला लागून तिला एक झोपडी बांधून दिली, मबरूकाच्या चार फळ्या भट्टीवाल्याकडून मागून आणून. ती रोज सकाळी कचेरीच्या दारात जायची. मेनेझिसला बघवत नसे. पण कागद उघडून जे लिहिलंय ते त्यानं कधी खोटं सांगितलं नाही: उतरला, बेपत्ता. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. करामानं पुढं एकदा लेखी दिलं की फरज समुद्रात गेला. कचेरीनं विचारलं, साक्षीदार? बाकीचे शिहरला, सुबैत मातीत. आणि आधी तूच म्हणालास वाटेवर आहे. तो अर्जही पुढं गेला. अजून पुढंच असेल.

संध्याकाळी ती दोन भाकऱ्या जास्त भाजायची. परात लहान, बसणारी दोनच माणसं. करामा जुन्या सवयीनं नावं घ्यायचा, तिचं, स्वतःचं, आणि मग थांबायचा. तिसरं नाव तीच घ्यायची, आणि उत्तरही तीच द्यायची. सुक्या मुशीचे ते तुकडे कितीतरी दिवस फडक्यातच होते. शेवटी मांजरांनी नेले.

आणि दर वर्षी कौस सुरू व्हायच्या सुमारास, गलबतं शिहरकडे शीड फिरवायला लागली की, ती त्याच्या झोपडीच्या तोंडाशी येऊन एकच प्रश्न विचारायची. चिडून नाही. जणू दर वर्षी पहिल्यांदाच सुचल्यासारखा. विचारायची, तो मेला असेल तर मग त्या दिवशी कारकुनाला त्याचं नाव कशाला सांगितलंस? करामा हातातलं काम खाली ठेवायचा, उठून उभा राहायचा, आणि दर वर्षी तेच म्हणायचा, एक शब्द इकडचा तिकडं नाही:

“फरजच्या आई, तुमच्या दारात उभा राहून सांगेपर्यंत तो मेलाय म्हणायचा हक्क मला नव्हता, आणि तुमच्या दारापर्यंत मला कुणी येऊच दिलं नाही.”